पंच्याऐंशीवी गाडी

३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने, आणि चांगल्या वहीतलं पान फाडल्याबद्दल तुझ्या बहिणीची बोलणी खाऊन, ही तक्रार दाखल करतो आहे. गेल्या मंगळवारी तुमच्या रस्ते खात्याची तीन माणसं, एक शिडी आणि एक लोखंडी खांब असा लवाजमा आमच्या रस्त्यावर अवतरला. त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीसमोर, अगदी मध्यावर, खांब रोवला. त्यावर गोल पाटी. पाटीवर लाल वर्तुळात ४० हा आकडा. पाटीचं मुख रस्त्याकडे असावं अशी माझ्यासारख्या अज्ञ माणसाची समजूत. पण ते अंमळ माझ्याकडे वळलेलं आहे. मी नववीच्या मराठीच्या वह्या तपासतो, मान वर करतो, तर समोर चाळीस. काल एका मुलीला शंभरपैकी चाळीस दिले आणि मग लक्षात आलं की तिचे बासष्ट होतात.

वारा आला की पाटी खडखडते. तेही सोसलं असतं. पण ती लागल्यापासून गाड्यांना चेव आला आहे. पूर्वी किती वेगाने जावं हे कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे लोक जरा बिचकून असत. आता सरकारनेच चाळीस म्हटलं आहे, तेव्हा पस्तीसने जाणं त्यांना सरकारचा अवमान वाटतो.

तुझ्या बहिणीचं बाइंडिंगचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, आमच्या दारासमोरच आहे, हे तुला सांगायला नको. गेली सव्वीस वर्षं ती सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पायरी उतरते आणि रस्ता ओलांडते. हल्ली जरा सावकाश चालते. तेव्हा पाटीवर वीस लिहावं, ही नम्र विनंती. जमल्यास एक एप्रिलच्या आत. त्या दिवसापासून आमची शाळा सकाळची होते, मला सातला घर सोडावं लागेल आणि मग या पाटीवर लक्ष ठेवायला इथे कोणी उरणार नाही.

फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत आहे आणि तुझी बहीणही बहुधा तिथेच असते. एका आकड्यासाठी मी तुला छळतो हे तिला रुचणार नाही.

तुझा,
भाऊजी


९ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

सा. नमस्कार.

तुमची तक्रार टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवली. आमचे साहेब म्हणाले, या गृहस्थांना आपल्याकडे मसुदे लिहायला घ्या. मी म्हटलं, घ्या, पण मग एकही मसुदा दोन पानांखाली येणार नाही.

आता आकड्याचं ऐका. पाटीवरचा आकडा कोणाच्या मनात आला म्हणून लिहीत नाहीत. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकतात. तिच्यावरून चाक गेलं की शेजारच्या पेटीत वेळ आणि वेग उमटतो. मग समजा शंभर गाड्या गेल्या, तर सगळ्यांत हळू गाडी पहिली, सगळ्यांत जोरातली शंभरावी, अशी रांग कागदावर लावायची. त्यातली पंच्याऐंशीवी गाडी ज्या वेगाने गेली, तो त्या रस्त्याचा वेग. त्याच्या लगेच खालचा पाचाच्या पटीतला आकडा पाटीवर. तुमच्याकडे त्रेचाळीस आला होता, म्हणून चाळीस. ती मोजणी दोन वर्षांपूर्वीची, हे खरं. पाटी तयार व्हायला वेळ लागतो.

तुम्ही हसाल, पण यात तथ्य आहे. बहुतेक माणसं वेडी नसतात. रस्ता जेवढा वेग मागतो तेवढाच देतात. तुमचा रस्ता सरळ, चाळीस फूट रुंद आणि मोकळा. तिथे वीसची पाटी लावली तरी लोक पाटी वाचतील आणि रस्ता सांगेल तेच करतील. वेग खरोखर उतरवायचा तर रस्ताच बदलावा लागतो.

तरी तुमच्यासाठी फेरमोजणीचा आदेश काढला आहे. त्यात माझ्या मनात आणखीही एक गोष्ट आहे, पण ती जमली की सांगीन. १८ आणि १९ तारखेला माणसं येऊन नळी टाकतील. हे खरं तर आधी कळवायचं नसतं. तुम्ही त्यांच्याशी खिडकीतून भांडायला लागाल म्हणून कळवतो.

आणि ताई सावकाश चालते म्हणून काळजी नको. आमचं पुस्तक माणूस सेकंदाला चार फूट चालतो असं धरतं. चाळीस फुटांना दहा सेकंद. ताई लहानपणी शाळेला उशीर झाला की मला फरपटत न्यायची. तिला सहा पुरतील.

तुमचा,
टिल्लू


२१ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

तुझं पंच्याऐंशीचं तत्त्व मी शिक्षकांच्या खोलीत समजावून सांगितलं. गणिताच्या बाईंनी त्याचा लगेच विस्तार केला. शंभर मुलांना परीक्षेत मोकळं सोडायचं, पंच्याऐंशीवा मुलगा जितकी कॉपी करेल तितकी नियमात बसवायची, आणि वरच्या पंधरांना तेवढं बेशिस्त म्हणायचं. मुख्याध्यापकांना कल्पना आवडली, त्यामुळे आम्ही विषय बदलला.

पण तत्त्व हाती आल्यावर ते वापरणं हे अध्ययनाचं फळ. तू तारखा दिल्यास आणि माझ्यातला निद्रिस्त सेनापती जागा झाला. कोपऱ्यावर ड्रायव्हिंग शिकवण्याचं दुकान आहे, त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी. त्याने दोन्ही दिवस आपल्या चारही शिकाऊ गाड्या आमच्याच रस्त्यावर वरखाली फिरवल्या. त्यांच्या मागे आपोआप सगळं शहर रांगेत. दुधाच्या गाडीवाल्याने कबूल केलं की दूध नासलं तरी चालेल, पण तो पंधराच्या वर जाणार नाही. शेजारचे कॅप्टन, ज्यांनी जहाजावरून उतरल्यापासून पन्नासच्या खाली गाडी चालवलेली नाही, ते दोन दिवस दुसऱ्या गिअरमध्ये होते. म्हणाले, "गुरुजी, बंदरात शिरताना सुद्धा मी एवढा हळू नव्हतो." एकोणीस तारखेला संध्याकाळी तुमची माणसं नळी गुंडाळत होती, तेव्हा त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "फार समंजस वस्ती आहे." मी खिडकीत होतो. मला गहिवरून आलं.

तेव्हा आता पंच्याऐंशीव्या गाडीला विचार आणि पाटी बदल.

सगळ्या रस्त्याला कामाला लावल्यामुळे बातमी घरात फुटलीच. तुझ्या बहिणीने सोबत चिठ्ठी दिली आहे. मी वाचलेली नाही. म्हणजे तिने वाचू दिलेली नाही.

तुझा,
भाऊजी

(सोबतची चिठ्ठी)

टिल्लू, यांचं फार मनावर घेऊ नकोस. हल्ली हे सारखे खिडकीशी असतात आणि पाटीला नावं ठेवतात. मी बरी आहे. तुझी लहानपणची नकाशांची वही सापडली, ती नव्याने शिवून ठेवली आहे. टाके जरा वाकडे आलेत. बघून हसू नकोस. ताई.


१० मार्च

ती. भाऊजी,

सा. नमस्कार.

तुमच्या सेनापतीला कुठल्या शब्दांत नमस्कार करू ते कळत नाही.

निकाल आला. पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग बावीस. माझ्या नोकरीत एवढा कमी आकडा मी फक्त एका ठिकाणी पाहिला होता, तिथे रस्त्यात गाय बसली होती. नियमाप्रमाणे पाटीवर आता वीस येईल. अभिनंदन. तुम्हाला हवं ते मिळालं.

आता मला काय हवं होतं ते ऐका. नव्या क्रॉसिंगच्या यादीत मी तुमचा रस्ता घुसवला होता. नुसते पांढरे पट्टे नव्हेत. रस्त्याचा एक पट्टाच फूटपाथच्या उंचीला उचलून घेतात. गाडीला वर चढायचं तर हळू व्हावंच लागतं, पाटी असो वा नसो. तुमच्या पायरीपासून ताईच्या दुकानापर्यंत सरळ. जागा मी नकाशावर स्वतः आखली होती. मार्चअखेर काम सुरू झालं असतं. एक ताजी मोजणी तेवढी लागत होती, कारण पस्तीसच्या वरच्या रस्त्यांनाच ते मिळतं. तुमचा त्रेचाळीसचा रस्ता. मी निश्चिंत होतो. ताईला वाढदिवसाला सांगणार होतो, म्हणून तुम्हाला बोललो नाही.

बावीस बघून समितीने दोन मिनिटांत निर्णय दिला: इथे वेगाची समस्या नाही. तुमचं क्रॉसिंग आता दुसऱ्या एका रस्त्याला गेलं. तिथले लोक प्रामाणिकपणे बेचाळीसने गेले.

मी तुम्हाला दोष देत नाही. तारखा मीच कळवल्या. साहेबांपुढे मात्र तुमचं नाव पुन्हा काढलेलं नाही.

एक छोटी शंका. पेटीच्या नोंदी मी सवयीने पुऱ्या वाचतो. तुमच्याकडे सकाळी दर चारपाच सेकंदांना एक गाडी जाते. पण दोन्ही दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी सगळं थांबलं आहे. पहिल्या दिवशी एक्केचाळीस सेकंद, दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. एकही चाक नाही. मग एकदम आठदहा गाड्या. दोन वर्षांपूर्वीच्या मोजणीत असं काही नव्हतं. तिथे कुठे नवा सिग्नल बसला का? आमच्या कागदावर नाही.

ताईची चिठ्ठी वाचायला भिंग घ्यावं लागलं. अक्षर मुंगीएवढं, आणि ओळीच्या शेवटी त्याहून बारीक. कागद वाचवायला लागली का ती?

तुमचा,
टिल्लू


१४ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, म्हणून पुन्हा वाचलं.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. असो. क्रॉसिंगचं घरात बोललेलो नाही, आणि तूही बोलू नकोस. ती समिती आपला निर्णय फिरवते का, एवढं विचारून बघ. लागल्यास मी लेखी कबुली देतो, शिकाऊ गाड्यांच्या नंबरांसकट.

सिग्नल वगैरे काही नाही. ती माझी स्कूटर. जुनी झाली आहे, बाहेर काढली की बंद पडते. रस्त्यात आडवी राहते, मग लोक थांबतात. साधी गोष्ट आहे, तुझ्या पेटीने उगाच तिच्यावर भाष्य केलं.

अक्षराचं म्हणशील, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल. तिचा किंवा तुझा.

तुझा,
भाऊजी


२० मार्च

ती. भाऊजी,

सा. नमस्कार.

समितीला विचारलं. फिरवत नाही म्हणाले. फिरवायला नवी मोजणी लागते आणि ती मिळाली तरी पुढच्या वर्षीच्या यादीत.

दरम्यान तुमच्याबद्दल एक तक्रार आली आहे. तिची नक्कल माझ्यासमोर आहे. सही कॅप्टनांची. "आमच्या रस्त्यावर एक विद्वान दिसणारे गृहस्थ रोज सकाळी ठीक नऊ वाजून दहा मिनिटांनी आपली स्कूटर रस्त्याच्या बरोबर मध्यभागी आडवी बंद पाडतात व सुमारे पाऊण मिनिटाने ती पहिल्या किकला चालू होते. गृहस्थ सज्जन आहेत, परंतु मला बँकेत पोचायला उशीर होतो. त्यांना नवी स्कूटर घेण्यास सांगावे."

भाऊजी, मी तीस वर्षं रस्ते मोजतोय. रोज त्याच मिनिटाला, त्याच जागी बंद पडणारी आणि पाऊण मिनिटाने स्वतःहून बरी होणारी स्कूटर मी पाहिलेली नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ताई रस्ता ओलांडते. तुमच्याच पहिल्या पत्रात लिहिलंय. मी काल ते पत्र पुन्हा काढलं. एक एप्रिलच्या आत, असंही लिहिलंय. मी तेव्हा हसत होतो, म्हणून नीट वाचलं नाही.

चाळीस फुटांना दहा सेकंद लागतात. चव्वेचाळीस कोणाला लागतात?

काल फोन केला होता. ताईने उचलला. मजेत आहे म्हणाली, माझ्या पोरांची चौकशी केली, आणि बोलताना तिचा आवाज मला जरा सपाट वाटला. मी तुमची थट्टा पुरे करतो. ताई बरी आहे ना?

टिल्लू


२४ मार्च

प्रिय टिल्लू,

आधी पाटीचं. ती बदलली. आता वीस आहे. खालून त्याच गाड्या त्याच वेगाने जातात. कॅप्टन परत पन्नासवर आले आहेत. या वेळी माणसांनी पाटी नीट रस्त्याकडे तोंड करून लावली, त्यामुळे मला तिची पाठ दिसते. तेव्हा माझी मूळ तक्रार निकाली निघाली असं लिहायला हरकत नाही.

आता तुझा प्रश्न. ताई बरी नाही. दीड वर्ष झालं. डॉक्टर कंपवात म्हणाले. मी सवयीने तोंड उघडलं, तर तिथेच, डॉक्टरांसमोर, ती म्हणाली, "आता याचा समास सोडवू नका." डॉक्टर हसले. मग आम्ही दोघेही हसलो आणि औषधं घेऊन घरी आलो.

तुला कळवायचं नाही अशी तिची सक्त ताकीद होती. म्हणाली, "टिल्लूला कळलं तर तो पहिल्या गाडीने येईल आणि बसून माझं चालणं मोजेल." तू दुरूनच मोजलंस. त्यात तुझा दोष नाही.

हात फारसे कापत नाहीत. अक्षर बारीक झालं आहे आणि टाके वाकडे पडतात, ते तुला दिसलंच. अडचण पायांची आहे. चालता चालता पाऊल मध्येच जमिनीला चिकटल्यासारखं होतं. ती मनात म्हणते उचल, आणि ते उचलत नाही. काही क्षणांनी आपोआप सुटतं. नोव्हेंबरात ती अशी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दुधाची गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. गाडीवाला खाली उतरून फूटपाथवर बसला, त्यालाच पाणी द्यावं लागलं. दोन दिवस शिकाऊ गाड्यांमागे तो का रखडला, हे आता तुझ्या लक्षात येईल. त्याला मला काही समजवावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, उद्यापासून हात धरून पलीकडे नेतो. ती खळ ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही मला हात धरून न्याल, त्या दिवशी मी दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला देऊन येईन." तिचा आवाज चढला नाही. तुझी बहीण आहे. चढत नाही तेव्हा काय समजायचं ते तुला माहीत आहे.

म्हणून स्कूटर. नऊ आठला मी ती बाहेर काढतो, रस्त्यात आडवी घालतो आणि बंद इंजिनाला किका मारत बसतो. मागे हॉर्न वाजतात. मी विद्वान दिसतो म्हणून शिव्या जरा बेताच्या मिळतात. ती पायरी उतरते, "आज पुन्हा का?" म्हणते आणि चालायला लागते. मी तिच्याकडे बघत नाही. दुकानाचं दार वाजलं की स्कूटर चालू करतो. डिसेंबरात बावीस सेकंद लागायचे. मी मनात मोजायचो, तुझी पेटी नव्हती तेव्हाही. तुझ्या पुस्तकातला जो माणूस दहा सेकंदांत पोचतो, त्याला माझा नमस्कार सांग.

तिला हे कळलं आहे की नाही, ते मला माहीत नव्हतं. शनिवारी कळलं.

शनिवारी स्कूटर खरोखरच चालू झाली नाही, आणि तीही फाटकाच्या आत. चाक अडकलं होतं, बाहेर ढकलता येईना. मी आत किका मारतोय आणि ती पायरीवर उभी. काखेत कोणाचा तरी बांधायला आलेला शब्दकोश. रस्ता रिकामा होता, टिल्लू. दोन्ही बाजूंनी पार कोपऱ्यापर्यंत रिकामा. निदान मिनिटभर तरी होता. ती उतरली नाही. तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही. स्कूटरकडे बघत होती. मग आत आली, चपला काढल्या, शब्दकोश टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे आज. कापड संपलंय."

दुपारी ती झोपल्यावर मी किल्ली घेऊन दुकानात गेलो. फळीवर बाइंडिंगच्या कापडाचे तीन तागे होते. एक तर सोडलेलाही नव्हता.

पाटीसाठी मी जे जे काही केलं, त्याने तिचा मार्ग अडला, हे तू स्पष्ट लिहिलं नाहीस, त्याबद्दल उपकार. पुन्हा मोजायचं ठरलं तर मला तारखा कळवू नकोस. पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. शाळेत मी पहिले तास सोडून उशिरा येण्याची परवानगी मागितली होती. ते तास घ्यायला दुसरे शिक्षक नाहीत. सुट्टी किती काढणार, हाही प्रश्न आहे, आणि रोज घरी थांबलो तर ती कारण विचारेल. तुला येता आलं तर ये. वहीचं निमित्त आहेच. तिच्या पायांकडे बघू नकोस.

गाड्यांची भीती मला अजून आहे. पण मी पहाटे जागा होतो तो त्या भीतीमुळे नव्हे. एक तारखेला नऊ वाजून दहा मिनिटांनी मी फळ्यासमोर असेन आणि ती पायरीवर उभी असेल, काखेत पुस्तक घेऊन. रस्त्यात स्कूटर नसेल. ती थोडा वेळ थांबेल आणि आत वळेल. संध्याकाळी मी घरी आलो की म्हणेल कापड संपलंय, आणि मी बरं म्हणेन. मग दुसऱ्या दिवशीही. मला याची फार भीती वाटते.

तुझा,
भाऊजी